मातीतून गादीवर

कराडजवळील गोळेश्वर गावी १९२६ साली खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. वडील पैलवान, तेव्हा जोर-बैठकांचे बाळकडू त्यांना घरीच मिळाले. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिक स्पर्धेस गेले. मुलांनो, तेथे तांबडी माती नव्हती, गादी होती! आपल्या आखाड्यात प्रतिस्पर्ध्यास चीत करावे, तेव्हाच कुस्ती निकाली ठरे. तेथे वेळ मोजलेली. चीत झाली नाही, तर पंच निकाल देत. बळ तेच, परंतु ते वेचण्याची रीत निराळी. खाशाबा सहावे आले. दुसरा कोणी एवढ्यावर समाधान मानता! त्यांनी मात्र पुढील चार वर्षे ती रीत अंगी बाणवली.

१९५२ साली हेलसिंकीस जाण्यास पैसा पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. शिष्यावर केवढा हा विश्वास! हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील ते पहिले वैयक्तिक पदक होय. परतल्यावर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, आणि त्या उत्पन्नातून गुरुजींचे घर सोडवले.