बालकांचा हात आणि कागदाचे काम

दसऱ्याच्या दिवशी पाटीपूजन करून एकाच्या आकड्यांची सरस्वती रेखण्याची रीत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ही रीत मोठी मंगल आहे. परंतु तीन वर्षांच्या बालकास दुसऱ्याच दिवसापासून अक्षरे घोटावयास बसविणे, आणि रेघ वाकडी आली की त्यास ‘मंद’ अथवा ‘आळशी’ म्हणणे, हा त्याच्यावर अन्याय होय. दोष बुद्धीचा नसतो. हात अद्याप सिद्ध झालेला नसतो.

मनगटात आठ लहान अस्थी असतात. जन्मसमयी त्या केवळ कूर्चेच्या असतात व क्रमाक्रमाने कठीण होतात. शेवटची अस्थी कठीण होऊ लागण्यास नऊ ते बारा वर्षे जातात. लेखणी धरण्यास अंगठा, तर्जनी व मध्यमा ह्या तिघांचा मेळ लागतो. हल्ली लहानग्यांची बोटे काचेच्या पडद्यावर फिरत असतात. परंतु नुसत्या सरकविण्याने हा मेळ साधत नाही. बोटांना थोडा विरोध करील अशी वस्तू हवी. ती वस्तू म्हणजे कागद.

हा विचार नवा नव्हे. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली बालशाळा काढली. त्याच्या पद्धतीत कागदाच्या घड्या व कागदी विणकाम यांना स्थान होते. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर स्थापिले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी व कोसबाड येथे, महाग साहित्यावाचून, भोवताली मिळणाऱ्या वस्तूंतूनच बालशिक्षण घडविले. आता कामाचा क्रम पाहू.

पहिला पाठ फाडण्याचा. जुने वर्तमानपत्र दोन्ही चिमटींत धरावे. एक हात आपणाकडे, दुसरा पलीकडे न्यावा. कागद उभा फाडला तर बहुधा पट्टी सरळ निघते, आडवा फाडला तर वाकडी. हे मुलास स्वतःच शोधू द्यावे. मग त्याच तुकड्यांच्या, बोटांच्या अग्रांनी, बोराएवढ्या गोळ्या वळवाव्यात.

दुसरा पाठ घडीचा. चौकोनी कागदाचा कोपरा कोपऱ्यावर आणून एका हाताने तो स्थिर धरावा व दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने घडी दाबावी. दोन हातांनी दोन निरनिराळी कामे एकाच वेळी करणे, हीच येथील खरी विद्या होय. प्रथम पुस्तकासारखी घडी, मग रुमालाची, मग त्रिकोणी. होडीची घाई करू नये.

तिसरा पाठ कात्रीचा. कात्री बोथट टोकाची असावी, वडील माणूस जवळ असावे, व धरताना अंगठा वरच्या बाजूस राहावा. आरंभी बोटभर रुंद पट्टीचे एकेका चापात तुकडे करवावेत. नंतर सरळ रेघ, शेवटी वळण. वळणावर कात्री न फिरविता दुसऱ्या हाताने कागद फिरवावा. मूल डावखुरे असेल तर त्यास डाव्या हातानेच कापू द्यावे व शक्य तर डावखुरी कात्री आणून द्यावी. प्रसाद उजव्या हाती घ्यावा हा शिष्टाचार निराळा. कामाचा हात बदलण्याचा आग्रह निराळा.

चौथा पाठ चिकटविण्याचा. मैदा पाण्यात शिजवून खळ करावी. बांधणीवाले तीत मोरचूद घालतात. तो विषारी असल्याने मुलांच्या खळीत मुळीच घालू नये. इंचभर रुंद पट्ट्यांची कडी कडीत गुंफून साखळी करावी. पुढे एक पट्टी वर, एक खाली अशी कागदी चटई विणावी.

दररोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. मुलाचे काम आपण नीट करून देण्याचा मोह मात्र आवरावा. त्यात कागद सुधारतो, हात तसाच राहतो. सहाव्या वर्षानंतरही गुंडी लावणे वा कात्री धरणे जमत नसेल, तर रागे न भरता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

उत्सवासाठी मंडपात आपण विकतच्या पताका लावतो. त्यांतील एक ओळ तरी बालगोपाळांच्या हातची असावी, असे आम्ही सुचवितो. तिच्या पताका वाकड्या असतील. देवास त्या चालतात. आपणांसही चालाव्यात.