मोठा मासा पकडायचा की रोजचा गल्ला भरायचा? एका कार्टूनमधून धंद्याचे 4 धडे

या वेळचा व्हिडिओ पाहून बऱ्याच जणांना वाटेल, "सर, धंदा शिकवता शिकवता कार्टून कुठून आणलं?" थांबा, आधी गोष्ट ऐका. मग आपण चंद्रपूर-गडचिरोलीच्या तलावावर येऊ.

गोष्ट अशी आहे

'द सिम्पसन्स' ही अमेरिकेतली विनोदी कार्टून मालिका. तिचा 'द वॉर ऑफ द सिम्पसन्स' हा भाग 2 मे 1991 ला दाखवला गेला. होमर एका पार्टीत दारू पिऊन गोंधळ घालतो. बायको मार्ज वैतागते आणि संसार सावरायला त्याला एका तळ्याकाठच्या शिबिरात घेऊन जाते. होमरचं लक्ष मात्र दुसरीकडेच! त्या तळ्यात म्हणे 'जनरल शेरमन' नावाचा अवाढव्य, मिशावाला मासा आहे, आजवर कोणाच्याच हाती न लागलेला.

शिबिर राहतं बाजूला. होमर दिवसभर त्या माशाशी झुंजतो आणि शेवटी पकडतोसुद्धा. काठावर मार्ज उभी असते. माझ्यापेक्षा तुला मासा मोठा वाटला, असा तिचा सवाल. तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडतात आणि तो मासा परत पाण्यात सोडतो.

आता ही गोष्ट धंद्याच्या चष्म्यातून बघा.

धडा 1 : मासा पकडण्याआधी गिऱ्हाईक ठरवा

होमरला मासा हवा होता, पण पकडून करायचं काय, हे ठरलेलंच नव्हतं. आपल्यातले किती जण असंच करतात! आधी मशीन घेतात, मग गिऱ्हाईक शोधतात. मूल, सिंदेवाही, नागभीड, आरमोरी, चामोर्शी, कुठलाही आठवडी बाजार घ्या. मासे विकायचे असतील तर आधी दोन-तीन बाजार नुसते फिरा. कोणता मासा आधी संपतो? लोक अर्धा किलो मागतात की दोन किलो? साफ करून, कापून दिला तर जास्त पैसे देतात का? वहीत लिहा. या पाहणीला फक्त बसचं तिकीट लागतं.

धडा 2 : एका मोठ्या ऑर्डरसाठी रोजचा धंदा सोडू नका

हिशेब करू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे भाव टाका.

- रोज 20 किलो मासे, 120 रुपये भावाने खरेदी : 2,400 रुपये
- 18 किलो विकले, 160 रुपये भावाने : 2,880 रुपये
- बर्फ आणि पेट्रोल : 200 रुपये
- हातात उरले : 280 रुपये

सगळे 20 किलो विकले असते तर 600 उरले असते. म्हणजे फक्त दोन किलो माल खराब झाला आणि निम्म्याहून जास्त नफा गेला. नाशवंत मालात नफा खरेदीपेक्षा बर्फाच्या पेटीत वाचतो, हे लक्षात ठेवा.

आता 'जनरल शेरमन' येतो. एक जण म्हणतो, "200 किलो द्या, भाव 140, पैसे 45 दिवसांनी." तुमचे 24,000 रुपये अडकले. फायदा दिसतो 4,000 चा, तोही बर्फ-वाहतूक सोडून. पण तेवढंच भांडवल असेल तर तुमचा रोजचा धंदा 45 दिवस बंद! 280 च्या हिशेबानेही 12,600 रुपये गेले. वर बाजारातली तुमची जागा दुसऱ्याने धरली ती वेगळीच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सुरुवातीच्या काळात एका मोठ्या ऑर्डरपायी मी माझी छोटी गिऱ्हाईकं तोडली होती. पैसे वेळेवर आले नाहीत आणि छोटी गिऱ्हाईकं परत आली नाहीत. घरच्यांना सांगायची लाज वाटत होती, ते वेगळंच. मोठी ऑर्डर घ्या, जरूर घ्या. पण निम्मा आगाऊ पैसा मागा आणि रोजच्या धंद्याचं भांडवल वेगळं ठेवा.

धडा 3 : तलाव कोणाचा, हे आधी विचारा

आपल्या भागात मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, गावोगाव आहेत. ढिवर समाजाची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावर चालते. बऱ्याच तलावांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. काही गावांत वनहक्क कायदा 2006 नुसार पाण्यातल्या माशांवर ग्रामसभेचा सामूहिक हक्क असतो. म्हणून बोटुकली विकत घेण्याआधी संस्था, ग्रामसभा आणि जिल्ह्याचं मत्स्यव्यवसाय कार्यालय, तिन्हीकडे विचारा. ज्यांचा हक्क आहे त्यांना डावलून नाही, त्यांच्यासोबत धंदा करा.

आणि तळ्याकडूनच एक गोष्ट शिका. जाणकार माणूस एकच जात सोडत नाही. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. पाणी तेवढंच, कमाई तीन थरांची. तुमच्या दुकानातही असे तीन थर आहेत का?

धडा 4 : गळ विकणारा कधी उपाशी राहत नाही

त्या भागात आमिष आणि गळाचं एक दुकान आहे. विचार करा, मासा मिळो न मिळो, त्या दुकानदाराचा गल्ला भरणारच! मासे पकडणारे आपल्याकडे आधीच आहेत. त्यांना काय लागतं? वेळेवर बर्फ, चांगल्या पेट्या, जाळं दुरुस्ती, चांगलं बीज, बाजारापर्यंत गाडी. यातलं एक काम नीट करणारा माणूस तुमच्या पंचक्रोशीत आहे का? नसेल तर तोच तुमचा धंदा.

भांडवलासाठी : 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत लाभार्थींच्या कामांना सर्वसाधारण गटासाठी 40 टक्के, तर महिला, अनुसूचित जाती आणि जमातीसाठी 60 टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. सध्याची स्थिती कार्यालयात विचारा. पण अनुदानासाठी धंदा सुरू करू नका. धंदा आहे म्हणून अनुदान घ्या.

या आठवड्याचं काम

एका कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे तुमची रोजची गिऱ्हाईकं, उजवीकडे तुमचा 'जनरल शेरमन'. उजवीकडचं उद्या हातातून गेलं तर घर चालेल का? उत्तर 'नाही' असेल, तर भाऊ, ताई, आजपासून डावा रकाना वाढवायला लागा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!