तांबड्या वाइनचीं द्राक्षें : लागवडीपूर्वींचा विचार

आमच्या नायगांव भागांतील कांहीं तरुण शेतकऱ्यांनीं आम्हांस असा प्रश्न केला कीं, नाशिक व अकलूज येथें वाइनच्या द्राक्षांचे मळे उभे राहिले, मग ते आपल्या काळ्या रानांत कां होऊं नयेत? प्रश्न रास्त आहे. मद्यपानाची शिफारस करण्याचा आमचा हेतु नाहीं. जमीन व पैसा गुंतविण्यापूर्वीं हा धंदा कसा चालतो, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

तांबड्या वाइनचें नांवाजलेलें पीठ म्हणजे फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील बोर्दो प्रांत. तेथें मळा व मद्यशाळा बहुधा एकाच धन्याची असते व अशा वतनास 'शातो' म्हणतात. १८५५ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनानिमित्त तेथील वाइनची प्रतवार यादी झाली. तींत लाफीत, मार्गो, लातूर इत्यादि मळे पहिल्या प्रतींत आले. हें लातूर नांवानें तेंच, पण आपलें नव्हे. बाटलीवर छापलेलें साल हें द्राक्षें तोडल्याचें साल होय, कारण पाऊसउन्हाप्रमाणें एकाच मळ्याचा माल दरसाल निराळा उतरतो.

करण्याची रीत अशी : काळ्या द्राक्षांचे देठ काढून तीं चेंगरतात. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस रंगहीनच असतो. रंग सालींत असतो. म्हणून रस सालींसह टांक्यांत आंबवितात. यीस्ट नांवाचें किण्व साखर खाऊन मद्यार्क बनवितें. लिटरभर रसांतील सुमारें १७ ग्रॅम साखरेमागें मद्यार्क एक टक्का होतो. आंबतांना उष्णता वाढते, ती आटोक्यांत न ठेविली तर चव बिघडते. म्हणून टांक्या थंड ठेवण्याचा खर्च आलाच. पुढें साली दाबून वेगळ्या करतात व उत्तम माल ओकच्या पिंपांत मुरवितात.

आपल्याकडील उदाहरण अकलूजच्या फ्रातेल्ली मळ्याचें. सेखरी, मोहिते-पाटील व इटलीचे सेची हे बंधु, आणि मद्यतज्ज्ञ पिएरो मासी, अशा सात जणांनीं तो काढिला. रोपें फ्रान्सहून आणिलीं. 'सेत्ते', म्हणजे सात, ही त्यांची तांबडी वाइन सांजोवेसे व काबर्ने सोव्हिन्यों या जातींची होते. फ्रान्सांत वेल हिवाळ्यांत निजते. आपल्याकडे ती निजत नाहीं, म्हणून एप्रिलांत खरड छाटणी व पावसाळा सरतांना गोडी छाटणी करावी लागते. काढणी जानेवारी ते मार्चमध्यें, म्हणजे गारपिटीच्या तोंडीं येते. २०१४ ची गारपीट मराठवाडा विसरलेला नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. खाण्याचें द्राक्ष एका व्यापाऱ्यानें नाकारलें तर दुसरा घेतो, नाहीं तर त्याचा बेदाणा होतो. वाइनचें द्राक्ष बारीक, जाड सालीचें व बियांचें. तें हाटांत खपत नाहीं. मद्यशाळा हें त्याचें एकच गिऱ्हाईक. घरीं वाइन करून विकावी म्हटलें, तर परवान्यावांचून तो गुन्हा. २००१ सालीं राज्य सरकारनें या धंद्यास उत्तेजन देणारें धोरण काढिलें व लागवड वाढली. २००८ नंतर मागणी घसरली, अनेक मद्यशाळा अडचणींत आल्या, आणि नाशिक भागांत पुष्कळ शेतकऱ्यांनीं उभ्या वेली उपटल्या. बोर्दोचा धनी स्वतःचें द्राक्ष स्वतः आंबवितो; आपला शेतकरी तें दुसऱ्याच्या दारीं नेतो, हा फरक ध्यानांत असावा.

आम्हीं महसूल खात्यांत उभी हयात पीकपाहणीच्या नोंदी लिहिण्यांत घालविली. फळबागेची नोंद हौसेनें चढते व चार वर्षांत उतरते, हें अनेकदां पाहिलें. नोंद उतरते, बोजा उतरत नाहीं.

तरी लागवडीपूर्वीं माती व निचरा तपासावा. पाणी धरणाऱ्या खोल काळ्या रानांत मुळ्या कुजतात. उन्हाळ्यांत विहिरीस किती पाणी राहतें तें पाहावें. २०१६ सालीं लातुरास रेल्वेनें पाणी आणावें लागलें होतें. मद्यशाळा दूर असल्यास तोडलेला माल वाटेंतच तापतो, हेंही मोजावें. आणि सर्वांआधीं लेखी करार करावा. त्यांत मुदत, साखरेच्या अंशावर भाव, माल नाकारण्याचीं कारणें, तोड लांबल्यास नुकसान कोणाचें व पैसे किती दिवसांत, हें स्पष्ट लिहावें. असा कागद हातीं आल्यावांचून एकही रोप बांधावर आणूं नये.