गिटारचा पडदा कसा बसवावा?

किल्लारी येथें आम्हीं एकदां गिटारच्या बाकदार पट्टीवर पडद्याची तार सरळच ठोकली. चार दिवसांत तिचीं टोंकें वर उठलीं व एका विद्यार्थ्याचें बोट कापलें. दोष आमचा होता. धातूची तार आपल्या मूळ आकाराकडे ओढ घेते; सरळ तार पुन्हां सरळच होऊं पाहते. म्हणून ती पट्टीपेक्षां किंचित् अधिक वांकवावी. प्रथम दोन्ही टोंकें खांचेंत बसवावीं, मग मध्यभाग हलके ठोकावा. म्हणजे टोंकें आपोआप दाबून राहतात.

मिरजेचे सतारकार कमानदार पडदे दांडीस दोऱ्यानें बांधतात. चुकल्यास ते सरकवितां येतात. गिटारचा पडदा उपटल्यास मात्र खांच सैल होते. म्हणून मुलांनो, तार ठोकण्यापूर्वींच नीट वांकवा.