पहिला पाऊस आणि निसरडी वाट

मुंबईतील परळ हे नाव खेड्यातील मुलांनाही अगदीच परके नसते. गिरण्या चालू होत्या त्या काळी कोकणातील व घाटावरील कितीतरी कुटुंबांतील एखादा माणूस परळ-लालबागच्या चाळीत राहत असे. तेव्हा परिसर अभ्यासातील घर्षणाचा पाठ परळच्या रस्त्यापासून आरंभावयास हरकत नाही.

मुंबईत मोसमी पाऊस साधारणतः ११ जूनच्या सुमारास येतो. त्याआधी एखादी हलकी सर पडून जाते. मुसळधार पावसापेक्षा ही सरच अधिक फसवी असते. कोरड्या ऋतूत रस्त्यावर धूळ, मोटारींतून गळलेले तेल आणि चाकांच्या रबराची झीज साचत गेलेली असते. त्यावर थोडेसेच पाणी पडले की त्याचा बुळबुळीत लेप बनतो. पुढे पावसाचा जोर वाढला म्हणजे तो लेप धुऊन जातो. (मग परळजवळच्या हिंदमाता भागात पाणी तुंबते, ती अडचण निराळी.)

अशा रस्त्यावर चाकाची पकड निम्म्यावर आली, तर त्याच वेगाच्या गाडीस थांबावयास दुप्पट अंतर लागते. उलट वेग निम्मा केला, तर ते अंतर चौथ्या हिश्शावर येते. हा हिशेब वरच्या वर्गातील मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा. वेग कमी करणे हा किती मोठा उपाय आहे, हे आकड्यांवरून त्यांना आपोआप कळते.

प्रयोगास साहित्य थोडे लागते. एक गुळगुळीत फळी व लाकडी ठोकळा घ्यावा. फळीचे एक टोक हळूहळू उचलीत जावे आणि ठोकळा कोणत्या उंचीवर घसरतो ते पट्टीने मोजावे. नंतर फळीवर बारीक माती भुरभुरून तेलाचे दोन थेंब व पाण्याचे चार थेंब चोळावेत आणि पुन्हा मोजावे. शेवटी तांब्याभर पाणी ओतून फळी धुवावी व तिसऱ्यांदा मोजावे. निकाल शिक्षकांनी आधी सांगू नये. तिन्ही आकडे मुलांनीच लिहावेत.

रेल्वेच्या इंजिनाची चाकेही ओलसर रुळावर जागच्या जागी फिरू लागतात. त्यासाठी इंजिनावर वाळूची पेटी असते व चालक चाकापुढे वाळू सोडतो. गावात निसरड्या अंगणात राख पसरतात ती याच कारणासाठी. हिमालयात हंगामाच्या आरंभी बर्फाचा पातळ थर दिवसा वितळतो व रात्री गोठून काचेसारखा होतो. तेथील रस्त्यांवरही वाळू टाकतात.

मात्र घसरण्याचा धोका गर्दीत फार वाढतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी परळ व एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) या स्थानकांना जोडणाऱ्या पुलाच्या अरुंद जिन्यावर, पाऊस पडत असता, चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे प्राणास मुकली. पुढे लष्कराने तेथे नवा पादचारी पूल बांधला. तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. केवळ ओल्या पायरीवर या अनर्थाचा दोष टाकणे योग्य नव्हे. तथापि दाटीत एकाचा तोल गेला की मागच्यांना थांबता येत नाही, एवढे मुलांना समजावून द्यावे.

शाळा सुटताना सर्व वर्ग एकदम पायऱ्यांवर सोडू नयेत. पायऱ्यांवरील शेवाळ जून लागण्यापूर्वीच घासून काढावे, आणि पहिली सर येईल त्या दिवशी दाराशी घमेलेभर वाळू तयार ठेवावी.