निळा उजेड आणि उघडा स्क्रू

माझ्या रीफ टँकवरच्या दिव्याने आधी प्रवाळं भाजली आणि मग मला झटका दिला. दिवा मी स्वतःच्या हाताने बांधलेला, त्यामुळे भांडायला दुकानदारही नव्हता.

नेरूळला आमचं सिडकोचं घर. खाडीच्या वाऱ्याने खिडकीचं ग्रिल दर दोन वर्षांनी रंगवावं लागतं, आणि अशा घरात मला हौस खाऱ्या पाण्याच्या दोन फुटी टाकीची. तयार परदेशी दिव्याची किंमत ऐकून बायको म्हणाली, "एवढ्यात नवा फ्रिज येईल. तो निदान सगळ्यांना लागतो." मेटल हॅलाइड दिवा पाणी तापवतो. मे महिन्यात आमच्या हॉलमधलं पाणी आधीच तिशीच्या वर जातं, आणि प्रवाळांना हवं 25-26 अंश. म्हणून एलईडी करायचं ठरवलं. कुर्ला आणि दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठलं, तिथून चालत लॅमिंग्टन रोड.

पिशवीत आलं ते असं: गडद निळे 16 आणि पांढरे 8 एलईडी, अॅल्युमिनियमचा हीट सिंक, आणि एलईडींना करंट पुरवणारे 700 मिलीअँपिअरचे दोन ड्रायव्हर. बाराबाराच्या दोन माळा. प्रत्येक एलईडीवर साधारण 3.3 व्होल्ट, म्हणजे एका माळेला चाळीसच्या आसपास. (दुकानात यांना 'तीन वॅटचे' म्हणतात, या करंटवर प्रत्यक्षात सव्वादोनच्या थोडं वर पडतात.) रविवारभर कथिलाच्या धुरात बसून संध्याकाळी दिवा लावला. आई म्हणाली, "गणपतीचं मखर झालंय अगदी." मला मात्र उजेड कमीच वाटला. मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या अॅपनेही माझीच री ओढली. मग दिवा पूर्ण जोरावर, रोज दहा तास.

चौथ्या दिवशी झोअँथिडची, म्हणजे बटणासारख्या प्रवाळांची, फुलं उघडली नाहीत. आठव्या दिवशी तपकिरी मशरूम प्रवाळ पेजेच्या रंगाचं झालं, आणि बाकीची बटणं मूठ आवळल्यासारखी मिटून बसली. त्यांना उजेड पुरत नाही असं समजून मी दिवा आणखी चार इंच खाली आणला.

ही चूक बहुतेक जण करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपला डोळा हिरव्या उजेडाचा भुकेला. 555 नॅनोमीटरचा हिरवा त्याला जितका प्रखर भासतो, त्याच्या 4 टक्केही 450 नॅनोमीटरचा निळा भासत नाही. लक्समीटर डोळ्याचंच माप घेऊन बनवलेला असतो, त्यामुळे तोही त्याच्याच बाजूने साक्ष देतो. पण प्रवाळाच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल नेमका हाच निळा उजेड खातं. प्रवाळाला बरंचसं अन्न हे शैवालच करून देतं. उजेड झेपेनासा झाला की शैवालात ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात, आणि प्रवाळ आपल्या अन्नदात्यालाच बाहेर काढतं. रंग जातो तो असा. कोस्टल रोडच्या वेळी, 2020 मध्ये, हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची प्रवाळं उचलून दुसरीकडे लावली, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की मुंबईच्या गढूळ पाण्यातही ती जगतात. तिथे त्यांना किती उजेड मिळत असेल, हे मी दिवा खाली करण्याआधी आठवायला हवं होतं.

नवा दिवा लावाल तेव्हा सुरुवात पाव जोरावर करा. रोज सहा-सात तास पुरे. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत पूर्ण महिना घ्या. त्यासाठी मंद करता येणारा ड्रायव्हर घ्या. मी शंभर-दीडशे रुपये वाचवायला तो सोडला होता. वनस्पतींना लागणारा उजेड मोजणारा पार मीटर महाग असतो, पण एका दुपारीपुरता कुणाकडून तरी मागून आणा. झोअँथिड आणि मशरूमसाठी टाकीच्या तळाशी त्याने 50 ते 100 दाखवलं तरी पुष्कळ. माझ्याकडे मिळाले 340.

आता झटक्याचं. पावसाळ्यात एका सकाळी अनवाणी, ओल्या लादीवर उभा राहून काच पुसत होतो. कोपर हीट सिंकला लागलं आणि खांद्यापर्यंत मुंग्यांचा लोळ गेला. एमसीबी जागचा हलला नाही. हलणारही नव्हता: तो वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नव्हे. खालच्या गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्याने टेस्टर अॅल्युमिनियमला टेकवला, तो लख्ख पेटला. "साहेब, ड्रायव्हरवर वॉटरप्रूफ लिहिलंय," तो म्हणाला. "शॉकप्रूफ कुठे लिहिलंय?"

बरोबर होतं त्याचं. माझे ड्रायव्हर पाण्यापासून बंदिस्त होते, पण त्यांची एलईडीकडची बाजू घरातल्या 230 व्होल्टपासून तोडलेली नव्हती. ट्रान्सफॉर्मरने वेगळा केलेला, म्हणजे आयसोलेटेड ड्रायव्हर, याचा अर्थ मला तेव्हा कळला. उरलेलं काम एका स्क्रूने केलं. एलईडीची चांदणी, म्हणजे तो ज्यावर बसतो ती चांदणीच्या आकाराची चकती, बसवताना स्क्रूचं डोकं कथिलाच्या ठिपक्याला जेमतेम टेकलं होतं. भिंगातून पाहिलं तर त्यावर मिठाची पांढरी बुरशीसारखी साय चढलेली. हीट सिंकला अर्थिंगची वायर जोडायचा कंटाळा केलेलाच होता.

तेव्हा आयसोलेटेड ड्रायव्हर घ्या आणि त्याचं आउटपुट 60 व्होल्टच्या आत ठेवा. स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर घाला. चालू करण्याआधी मल्टिमीटरची एक काडी हीट सिंकला आणि दुसरी प्रत्येक चांदणीच्या दोन्ही टोकांना लावा. कुठेही पी वाजली तर थांबा. हीट सिंकला अर्थिंग करा. एलईडी आणि पाण्याच्या मध्ये अॅक्रिलिकचं पान हवंच, नाहीतर सहा महिन्यांत मीठ सगळीकडे पोहोचतं. वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये न जाता जमिनीवर पडतो. आणि टाकीच्या बोर्डावर माणूस वाचवणारा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी वायरमनकडून बसवून घ्या. यात हौशीपणा नको.

प्रवाळ कुठून आणता हेही बघा. पाषाण-प्रवाळं, काळी प्रवाळं आणि समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानदार 'बिनधास्त घ्या' म्हणाला तरी घेऊ नका, आणि मालवणहून आठवण म्हणून तुकडाही उचलू नका.

माझ्या नऊ तुकड्यांपैकी पाच वाचले. मशरूमला रंग परतायला चार महिने लागले. गेल्या जुलैत रात्री दोनला आरसीसीबी पडला. मी शिव्या देतच उठलो, हात मारून तो पुन्हा वर करणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "आधी बघ तरी का पडला." टॉर्च मारला. पंपाची वायर टाकीच्या कडेला घासून फाटली होती, आतलं तांबं हिरवं पडलेलं. पंप काढून ठेवला आणि सकाळपर्यंत बॅटरीवरच्या हवेच्या पंपावर भागवलं.