कॉलमची नावं हाताने बदलू नका, स्क्रिप्टला बदलू द्या



आजचा धडा थोडा तांत्रिक आहे. नकाशाचं, सर्व्हेचं किंवा जीआयएसचं छोटं काम घेऊन धंदा सुरू करायचा विचार असेल, तर शेवटपर्यंत वाचा. ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमतही मोजली आहे.

माझं मूळ दुकान प्रिंटिंग आणि प्लॉटरचं. पुढे नकाशे काढून देण्याची कामं येऊ लागली. एका ठेकेदाराने ११ गावांच्या घरांचे नकाशे दिले. प्रत्येक घराचा आकार आणि त्यामागे तीन गोष्टी: मालमत्ता_क्रमांक, मालमत्ता_धारक, मालमत्ता_कर. आकारामागच्या या माहितीला ॲट्रिब्यूट म्हणतात. आम्ही काम जिओपॅकेज फॉरमॅटमध्ये केलं, पण ठेकेदाराला शेपफाइल हवी होती. म्हटलं, त्यात काय, एक्सपोर्ट करून देऊ. दिली. आणि तिथेच घोळ झाला.

शेपफाइलमधली माहिती डीबीएफ या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये बसते. तिथे कॉलमचं नाव जास्तीत जास्त १० अक्षरांचं असतं. आमची नावं रोमन लिपीत होती. 'मालमत्ता' लिहायला ८ अक्षरं, मग खालची रेघ, म्हणजे ९. उरलं एक अक्षर. त्यामुळे 'क्रमांक' आणि 'कर' दोन्ही कापले जाऊन 'मालमत्ता_के' असे एकसारखे झाले! एका फाइलमध्ये एकाच नावाचे दोन कॉलम चालत नाहीत, म्हणून सॉफ्टवेअरने दुसऱ्याला 'मालमत्ता_१' करून टाकलं. लाल एरर वगैरे काही नाही. फाइल तयार!

खरी गंमत पुढे आहे. फाइल्स दोन मुलांनी बनवल्या होत्या. एकाने क्रमांक आधी ठेवला, दुसऱ्याने कर आधी. त्यामुळे ७ गावांत 'मालमत्ता_के' म्हणजे घराचा क्रमांक आणि ४ गावांत तोच कॉलम म्हणजे कर. ठेकेदाराने सगळी गावं एकत्र केली. कराच्या रकान्यात २१२ दिसलं, तर शंका कोणाला येणार? २१२ रुपये घरपट्टी असूच शकते. शेवटी एका घरमालकाने विचारलं, "माझा घर नंबर ९४० कधी झाला?" तेव्हा कळलं. आम्ही दोन रात्री जागून, फुकटात, सगळं पुन्हा केलं. पैसे उशिरा मिळाले आणि ठेकेदाराने पुढचं काम दुसऱ्याला दिलं.

मग करायचं काय?

एकच फाइल असेल तर क्यूजीआयएसमध्ये 'रिफॅक्टर फील्ड्स' हे टूल आहे, त्याने नावं बदला. पण फाइल्स ११ असतील, तर अकराव्या फाइलपर्यंत हात चुकतोच. तिथे पायथनची छोटी स्क्रिप्ट लागते. पायथन, क्यूजीआयएस आणि जिओपांडाज, तिन्ही फुकट आहेत.

१. आधी तक्ता. एक्सेलमध्ये दोन रकाने करा: जुनं नाव, नवं नाव. नवं नाव १० अक्षरांच्या आत. आम्ही आता माल_नं, माल_धारक, माल_कर असं ठेवतो. 'माल_धारक' रोमनमध्ये बरोबर १० भरतं. शेपफाइलला देवनागरी नाव शक्यतो देऊच नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्राही वेगळी मोजली जाते. १० बाइटमध्ये 'नाव' एवढा शब्द कसाबसा मावतो.

२. तक्त्यावर ग्राहकाची मंजुरी. व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी. काम सुरू करण्याआधी.

३. स्क्रिप्ट तक्ता वाचेल. नावं स्क्रिप्टच्या आत लिहू नका. ग्राहक बदलला की फक्त तक्ता बदलायचा. स्क्रिप्ट एकेक मूळ फाइल उघडेल, नावं बदलेल आणि वेगळ्या फोल्डरमध्ये सेव्ह करेल. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

४. शंका आली तर थांब, हे स्क्रिप्टला शिकवा. जिओपांडाजची 'रीनेम' आज्ञा तक्त्यातलं जुनं नाव फाइलमध्ये सापडलं नाही, तर गुपचूप पुढे जाते. स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं किंवा शेवटी एक स्पेस जास्त पडली, तरी नाव बदलत नाही आणि तुम्हाला कळतही नाही. म्हणून बदलण्याआधी तीन तपासण्या घाला: जुनी नावं सगळी सापडली का, नवं नाव दोनदा आलं का, कुठलं नाव १० च्या वर गेलं का. एक जरी चुकलं, तर गावाचं नाव दाखवून स्क्रिप्टने थांबायचं.

५. शेवटी गल्ला मोजा. सेव्ह केलेली फाइल पुन्हा उघडा, कारण नाव कापलं जातं ते सेव्ह होताना. मग घरांची संख्या आणि कराची एकूण बेरीज मूळ फाइलशी जुळवून बघा. रात्री दुकान बंद करताना हिशोब लावतो, अगदी तसंच.

पहिल्यांदा ही स्क्रिप्ट बसवायला मला एक अख्खा रविवार लागला. आता ११ गावं असोत की ५०, काम चहा संपायच्या आत होतं. आणि तो तक्ता मी फाइलसोबत ग्राहकाला देतो. "कुठला कॉलम म्हणजे काय?" असे फोन बंद झाले.

लक्षात ठेवा, ग्राहक नकाशाचे पैसे देतो, पण परत येतो तो भरवशामुळे. सॉफ्टवेअरने एरर दिली नाही याचा अर्थ काम बरोबर झालं असा होत नाही.

गृहपाठ: तुमच्याकडची एक फाइल घ्या, कॉलमची नावं कागदावर लिहा आणि प्रत्येकाची पहिली १० अक्षरं सोडून बाकी खोडा. दोन नावं सारखी उरली का? उरली असतील, तर आजच तक्ता बनवायला बसा.

भेटूया पुढच्या धड्यात!